घरात आणि बाहेर इंटरनेट जोडताना: लाइन, राउटर, वायफाय आणि फोन

‘नेट चालत नाही’ या एका तक्रारीमागे निदान चार वेगवेगळे बिघाड असू शकतात. कंपनीकडून घरापर्यंत येणारी लाइन, ती घरात जिथे उतरते तो डबा, त्याला जोडलेला राउटर आणि राउटरपासून फोनपर्यंतचं वायफाय. नवं कनेक्शन घेणाऱ्यांची सगळ्यात मोठी गल्लत होते ती वायफायलाच इंटरनेट समजण्यात. फोनवर वायफायच्या सगळ्या कांड्या भरलेल्या दिसतात आणि तरी एक पान उघडत नाही, कारण त्या कांड्या फक्त फोन आणि राउटर यांच्यातला सिग्नल दाखवतात. राउटरच्या पलीकडे लाइन जिवंत आहे की मेली आहे, याचा त्यांना पत्ता नसतो. म्हणून पुढे प्रत्येक सांधा वेगळा घेतला आहे आणि त्या त्या ठिकाणी तपासायचं कसं, तेही सांगितलं आहे.

कोणती लाइन घ्यावी

फायबर मिळत असेल तर दुसरा विचार करू नका. काचेच्या तारेतून प्रकाश जातो, त्यामुळे विजेच्या तारांचा, मोटारींचा किंवा दमटपणाचा त्रास जवळजवळ नसतो, आणि अपलोडही चांगला मिळतो. टेलिफोनच्या तांब्याच्या जोडीवरून येणाऱ्या डीएसएलचा वेग एक्सचेंजपासून किंवा रस्त्यावरच्या पेटीपासून तुमचं घर किती लांब आहे यावर ठरतो. म्हणून तिथे जाहिरातीतला आकडा न विचारता ‘माझ्या पत्त्यावर किती मिळेल’ असं विचारा. टीव्हीच्या जाड केबलवरून येणारं नेट वेगवान असतं, पण ती केबल आसपासची बरीच घरं वाटून घेतात. संध्याकाळी वेग पडत असेल तर त्याचं कारण बहुधा तेच. सिम घालून चालणारा घरगुती ४जी-५जी राउटर लगेच सुरू होतो, मात्र टॉवरवर गर्दी असली की त्याचाही वेग घसरतो.

उपग्रहाचं नेट दोन प्रकारचं असतं. भूस्थिर उपग्रह ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतो. तुमची मागणी वर जाऊन खाली येते, उत्तर पुन्हा वर जाऊन खाली येतं, म्हणजे जवळपास १ लाख ४३ हजार किलोमीटरचा फेरा. प्रकाशाच्या वेगानेही त्याला अर्धा सेकंद लागतो आणि व्हिडिओ कॉलवर दोघं एकमेकांच्या बोलण्यात बोलत राहतात. साधारण ५५० किलोमीटरवर फिरणाऱ्या उपग्रहांना ही अडचण नाही, पण त्यांच्या डिशला आकाश मोकळं दिसावं लागतं. मध्ये झाडाची एक फांदी आली तरी दर काही मिनिटांनी कनेक्शन तुटतं.

वेगाच्या आकड्यात एक खोच आहे. कंपनी मेगाबिट सांगते आणि फाइल मेगाबाइटमध्ये मोजली जाते. ८ बिटांचा १ बाइट, म्हणून १०० एमबीपीएसच्या, म्हणजे सेकंदाला १०० मेगाबिटच्या, लाइनवर फाइल सेकंदाला जास्तीत जास्त १२.५ मेगाबाइटने उतरते. हा बिघाड नाही. एका एचडी व्हिडिओला सुमारे ५ एमबीपीएस आणि ४के व्हिडिओला १५ ते २५ लागतात. चांगल्या प्रतीच्या व्हिडिओ कॉलला ३ ते ४ लागतात, तेही दोन्ही दिशांना. घरात एकाच वेळी काय काय चालतं त्याची बेरीज करा आणि दीडपट धरा. बहुतेक घरांना १०० पुरेसे होतात, आणि त्याहून जास्त वेगावर खर्च करण्याआधी तोच पैसा चांगल्या राउटरवर घालवणं जास्त शहाणपणाचं.

सही करण्याआधी चार गोष्टी विचारून घ्या. अपलोडचा वेग किती? महिन्याची डेटा मर्यादा संपल्यावर वेग कितीवर येतो? स्वतःचा राउटर लावता येतो का? आणि घरातला कॅमेरा बाहेरून बघायचा असेल तर पब्लिक आयपी (बाहेरून थेट पोचता येईल असा फक्त तुमच्या लाइनचा पत्ता) मिळतो का?

लाइन घरात येते त्या दिवशी

तंत्रज्ञ येण्याआधी राउटरची जागा ठरवून ठेवा. नाहीतर तार जिथून आत आली तिथेच, म्हणजे बहुधा दाराजवळच्या कोपऱ्यात, डबा ठोकला जातो आणि पुढची कित्येक वर्षं आतल्या खोलीत रेंज येत नाही. घराच्या मध्यभागी विजेचे दोन सॉकेट असलेली जागा शोधा आणि तार तिथपर्यंत ओढून घ्या. त्या दिवशी दहा मीटर जादा तार टाकणं सोपं असतं. नंतर तेच काम महाग आणि कटकटीचं होतं.

फायबर ज्या डब्यात उतरतं त्याला ओएनटी म्हणतात. त्याच्या टोकाला बहुधा हिरवा कनेक्टर असतो. हिरव्याची काच ८ अंशांच्या कोनात घासलेली असते आणि निळ्याची सरळ. दोन्ही एकमेकांत बसतात, पण काचा नीट टेकत नाहीत आणि प्रकाश वाया जातो. त्यामुळे हिरव्याला हिरवाच लावलेला आहे ना, हे डोळ्यांनी बघा. कनेक्टरच्या टोकाला बोट लावू नका, बोटाचा तेलकट डाग सिग्नल पाडायला पुरतो. उघड्या टोकात डोकावून बघू नका, कारण त्यातला लेझर डोळ्यांना दिसत नाही आणि दिसत नाही म्हणूनच धोक्याचा असतो. उरलेल्या तारेची गुंडाळी करताना वेढा कपाच्या तोंडापेक्षा लहान होऊ देऊ नका. साध्या फायबरला ३० मिलिमीटरपेक्षा कमी त्रिज्येचं वळण सोसत नाही. दाराच्या फटीत चेपलेली किंवा खिळ्याला करकचून आवळलेली तार आज चालते आणि सहा महिन्यांनी दगा देते.

तंत्रज्ञाकडे प्रकाश मोजायचं छोटं मीटर असतं. त्याला आकडा विचारा आणि मीटरचा फोटो काढून ठेवा. घरगुती फायबरवर उणे १५ ते उणे २५ डीबीएमच्या (सिग्नलची ताकद मोजायचं एकक, उणे आकडा जितका मोठा तितका सिग्नल कमजोर) दरम्यानचा आकडा चांगला. उणे २७ किंवा त्याहून खाली असेल तर लाइन आज सुरू होईल, पण अधूनमधून तुटत राहील. ‘चालतंय ना’ एवढ्यावर त्याला जाऊ देऊ नका, कुठला तरी जोड पुन्हा करायला सांगा. पुढे कधी बिघाड झाला तर हाच फोटो कामाला येतो. जाण्याआधी त्याच्याकडून युजरनेम, पासवर्ड आणि असल्यास व्हीलॅनचा (लाइनवर कंपनीने आखलेल्या वेगळ्या मार्गाचा) क्रमांकही लिहून घ्या.

ओएनटीवरचे दोन दिवे ओळखायला शिका. ‘पॉन’ स्थिर हिरवा असेल तर लाइन ठीक आहे. तो लुकलुकत राहिला तर कंपनीच्या यंत्राकडे नोंदणी पूर्ण झालेली नाही. ‘एलओएस’ लाल झाला तर प्रकाशच पोचत नाही, म्हणजे तार तुटली, वाकली किंवा कनेक्टर निघाला. अशा वेळी राउटर दहा वेळा बंद-चालू करून काहीही होत नाही. कनेक्टर नीट बसला आहे का बघा आणि कंपनीला फोन लावा.

वीज गेली तरी नेट चालू हवं असेल तर ओएनटी आणि राउटर या दोघांनाही बॅटरी लागते. त्यासाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो. अडॅप्टरवर छापलेले व्होल्ट तंतोतंत जुळले पाहिजेत. ॲम्पिअर तेवढेच किंवा जास्त चालतात, कमी चालत नाहीत. पिनच्या मधला भाग धन आहे की ऋण, हे चित्रही जुळवा, कारण उलटं लावलं तर डबा जळू शकतो. दोन्ही डबे मिळून १२ वॉट घेत असतील तर ३६ वॉट-तासाची बॅटरी कागदावर तीन तास आणि प्रत्यक्षात अडीच तासांच्या आसपास चालते.

राउटर सुरू करणं

ओएनटीच्या लॅन (घरातल्या उपकरणांच्या) पोर्टमधून आलेली केबल राउटरच्या वॅन (बाहेरून येणाऱ्या लाइनच्या) पोर्टमध्ये लावा. तो पोर्ट बहुधा वेगळ्या रंगाचा असतो. केबल चुकून लॅनमध्ये घातली तर वायफाय दिसतं, जोडलंही जातं आणि नेट मात्र येत नाही.

मग फोन राउटरच्या वायफायला जोडा आणि फोनचा मोबाइल डेटा बंद करा. ही पायरी बहुतेक जण विसरतात. नव्या वायफायवर अजून इंटरनेट नाही हे कळताच फोन गुपचूप मोबाइल डेटावर सरकतो आणि राउटरचं पान उघडत नाही. डेटा बंद केल्यावर ब्राउझरमध्ये राउटरच्या खालच्या स्टिकरवरचा पत्ता टाका. बहुधा तो १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१ असतो (आकडे अर्थातच इंग्रजीत टाइप करायचे).

पुढचा प्रश्न कनेक्शनच्या प्रकाराचा. डीएचसीपी (राउटरला पत्ता आपोआप मिळतो ती पद्धत) असेल तर काही भरावं लागत नाही. पीपीपीओई (लॉगिन करून जोडायची पद्धत) असेल तर लिहून घेतलेलं युजरनेम आणि पासवर्ड अक्षर न अक्षर, लहान-मोठी इंग्रजी अक्षरं सांभाळून भरा. पीपीपीओईवर एमटीयू (डेटाच्या एका पाकिटात मावणारे जास्तीत जास्त बाइट) १४९२ असला पाहिजे, कारण प्रत्येक १५०० बाइटच्या पाकिटातले ८ बाइट या पद्धतीच्या आवरणात जातात. तो चुकून १५०० राहिला तर लक्षण फार गोंधळात टाकणारं असतं: काही साइट झटकन उघडतात आणि काही अर्ध्यावर लटकतात.

जुना राउटर काढून नवा लावल्यावर नेट येत नसेल, तर कंपनीच्या यंत्रणेत जुन्या राउटरचा मॅक पत्ता (प्रत्येक उपकरणाला कारखान्यात दिलेला क्रमांक) अडकून बसलेला असू शकतो. ओएनटी दहा मिनिटं बंद ठेवून बघा. तरी नाही झालं तर राउटरच्या सेटिंगमध्ये ‘मॅक क्लोन’ (नव्या राउटरला जुन्याचा मॅक पत्ता देणं) वापरा किंवा कंपनीला जुना पत्ता काढायला सांगा.

कंपनीचा डबा स्वतःच राउटरचंही काम करत असेल आणि तुम्ही त्यापुढे आणखी एक लावत असाल, तर दोघांचे पत्ते भिडू शकतात. दोघंही १९२.१६८.१.१ म्हणवून घेतात आणि काहीच धड चालत नाही. यावर सोपा उपाय म्हणजे तुमचा राउटर ‘ॲक्सेस पॉइंट’ मोडमध्ये टाकणं, म्हणजे तो पत्ते न वाटता फक्त वायफाय देतो.

नेट आलं की लगेच, त्याच बैठकीत, सुरक्षेची कामं उरका. राउटरच्या पानाचा पासवर्ड बदला आणि तो वायफायच्या पासवर्डपेक्षा वेगळा ठेवा. वायफायला सुरक्षेचा प्रकार म्हणून डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ निवडा, डब्ल्यूपीएस (बटण किंवा पिन वापरून जोडायची सोय) बंद करा, फर्मवेअर (राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करा. पाहुण्यांसाठी आणि स्वस्तातल्या कॅमेऱ्यांसाठी गेस्ट नेटवर्क वेगळं ठेवा.

वायफाय: निम्मा खेळ जागेचा

घरातल्या नेटच्या बहुसंख्य तक्रारी वायफायच्या असतात आणि त्यातल्या बऱ्याचशा राउटर दीड मीटर सरकवून सुटतात. राउटर छातीच्या उंचीवर किंवा त्याहून वर, उघड्यावर ठेवा. लोखंडी कपाट, मोठा आरसा, फ्रिज, पाण्याची टाकी, सळ्यांची जाड काँक्रीट भिंत या सगळ्या गोष्टी सिग्नल अडवतात किंवा गिळतात. टीव्हीच्या मागे राउटर लपवला की खोली छान दिसते आणि सिग्नल मरतो. उभ्या अँटेनाचा सिग्नल तिच्याभोवती आडवा पसरतो, टोकाच्या दिशेला सगळ्यात कमी जातो. म्हणून एका मजल्यावरच्या घरात सगळ्या अँटेना उभ्या ठेवा आणि वरच्या मजल्यावर पोचवायचं असेल तर एखादी आडवी करा.

बहुतेक राउटर रेडिओ लहरींचे दोन पट्टे वापरतात. २.४ गिगाहर्ट्झ लांब जातो आणि भिंती भेदतो, पण हळू असतो, शिवाय शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह ओव्हन या सगळ्यांची तिथे गर्दी असते. ५ गिगाहर्ट्झ वेगवान आहे, पण दुसऱ्या भिंतीपाशी दमतो. टीव्ही आणि लॅपटॉप ५वर ठेवा. दूरच्या खोलीतला फोन आणि स्मार्ट प्लगसारखी उपकरणं २.४वर जाऊ द्या. यातली बरीच उपकरणं ५ला जोडलीच जात नाहीत. दोन्ही पट्ट्यांना एकच नाव असल्यामुळे ती जोडणीच्या वेळी अडत असतील, तर तेवढ्यापुरतं ५ बंद करा.

२.४वर चॅनेल १, ६ किंवा ११ यांपैकीच एक निवडा आणि रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. हे तीनच चॅनेल एकमेकांवर चढत नाहीत. ‘३ मोकळा दिसतोय’ म्हणून तो घेतला तर १ आणि ६ या दोन्हींचा गोंगाट अंगावर येतो. ५वर ८० मेगाहर्ट्झ रुंदी चालते. तिथे ५२ ते १४४ हे चॅनेल रडारसोबत वाटून घेतलेले आहेत. राउटरला ते वापरण्याआधी किमान एक मिनिट कान देऊन ऐकावं लागतं, त्यामुळे राउटर सुरू केल्यावर ५चं नाव उशिरा दिसतं. रडार जाणवलं तर तो मध्येच चॅनेल बदलतो. असं वारंवार होत असेल तर ३६ ते ४८ पैकी एक पक्का करा.

सिग्नल कांड्यांवरून न जोखता आकड्यात मोजा. अँड्रॉइडवर त्यासाठी मोफत ॲप मिळतात. उणे ५० डीबीएम म्हणजे उत्तम, उणे ६७पर्यंत व्हिडिओ कॉल सुरळीत चालतो, उणे ७५च्या खाली रडगाणं सुरू होतं. फोन हातात घेऊन प्रत्येक खोलीत जा, आकडे लिहा, राउटर हलवा, पुन्हा लिहा.

एवढं करूनही एखादी खोली कोरडी राहिली तर दुसरा डबा लावावा लागतो. साधा रिपीटर एकाच रेडिओवर ऐकतो आणि तेच पुन्हा बोलतो, म्हणून वेग जवळपास निम्मा होतो. तो कोरड्या खोलीत ठेवणं ही नेहमीची चूक. जिथे त्यालाच सिग्नल मिळत नाही तिथून तो काय पुढे देणार? अर्ध्या वाटेवर ठेवा. सगळ्यात चांगला उपाय म्हणजे त्या खोलीपर्यंत कॅट ५ई किंवा कॅट ६ केबल टाकून पलीकडे ॲक्सेस पॉइंट किंवा मेशचा (एकच वायफाय घरभर पसरवणाऱ्या संचातला) डबा लावणं. ही केबल १०० मीटरपर्यंत १ गिगाबिट वाहते. शुद्ध तांब्याचीच घ्या. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार स्वस्त असते आणि वळणावर तुटते.

एक खूण लक्षात ठेवा. तीनशेचा प्लॅन आहे आणि वेग नेमका ९४-९५वर अडकतो, तर दोष कंपनीचा नसून बहुधा केबलचा आहे. गिगाबिटला केबलमधल्या आठही तारा लागतात. एक जरी सुटली तरी उपकरणं चार तारांवर, म्हणजे १००वर उतरतात. ओएनटी आणि राउटर यांच्यातला वीतभर लांबीचा तुकडा आधी बदलून बघा.

नेट गेलं तर कुठे बघायचं

आधी दिवे बघा. ‘पॉन’ ठीक असेल तर शक्यतो केबलने जोडलेल्या संगणकावर कमांडची खिडकी उघडून तीन पायऱ्यांनी पिंग (त्या पत्त्याकडून उत्तर येतं का ते बघणारी कमांड) करा.

१. राउटरला, म्हणजे १९२.१६८.१.१ किंवा जो पत्ता असेल त्याला. उत्तर आलं नाही तर बिघाड घरात आहे.

२. बाहेरच्या एका आकडी पत्त्याला, उदाहरणार्थ १.१.१.१. पहिलं चालतं आणि हे चालत नाही, तर लाइन किंवा लॉगिन अडलं आहे.

३. कुठल्याही साइटच्या नावाला. पहिली दोन चालतात आणि फक्त नाव चालत नाही, तर डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता शोधणारी सोय) बिघडलं आहे. राउटरमध्ये डीएनएस म्हणून १.१.१.१ आणि ८.८.८.८ भरा.

केबलवर राउटरचं उत्तर १-२ मिलिसेकंदांत येतं आणि वायफायवर तेच कधी ३ तर कधी ३०० लागत असतील, तर कंपनीला फोन करू नका. दोष वायफायचा आहे. संगणकाचा पत्ता १६९.२५४ने सुरू होत असेल तर राउटरने त्याला पत्ताच दिलेला नाही. राउटरच्या वॅनचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांत असेल तर एकच पब्लिक आयपी अनेक ग्राहकांत वाटलेला आहे. नेट वापरायला अडचण नाही, पण घरचा कॅमेरा पोर्ट उघडून बाहेरून बघता येणार नाही.

बंद-चालू करताना क्रम पाळा. दोन्ही डबे बंद करा, ओएनटी आधी लावा, ‘पॉन’ स्थिर होऊ द्या, मग राउटर. मागच्या बारीक भोकात पिन घालून ‘रीसेट’ मात्र करू नका. त्याने युजरनेम, पासवर्ड, व्हीलॅन सगळं पुसलं जातं आणि छोट्या बिघाडाचा मोठा होतो.

घराबाहेर

नव्या सिमवर कॉल लागतो आणि डेटा येत नाही, तर फोनच्या सेटिंगमध्ये एपीएन (सिम कंपनीच्या डेटा जाळ्याचं नाव) तपासा. सिम कंपनीने दिलेलं नाव जसंच्या तसं भरा आणि विमान मोड दहा सेकंद लावून काढा. मोबाइल सिग्नलचा आकडा उणे ९०च्या वर असेल तर चांगला, उणे ११०च्या खाली असेल तर खिडकीपाशी जा. पूर्ण रेंज असूनही वेग नसेल तर टॉवरवर गर्दी आहे, आणि तिथे दुसऱ्या कंपनीचं सिम हाच खरा उपाय.

लॅपटॉपला फोनचं नेट द्यायचं तर हॉटस्पॉटपेक्षा यूएसबी केबलने टेदरिंग करणं चांगलं. फोनची बॅटरी टिकते आणि गर्दीच्या ठिकाणी वायफायचा गोंगाट आड येत नाही. लॅपटॉप जोडताच त्यावर ‘मीटर्ड कनेक्शन’ चालू करा, नाहीतर सिस्टिमचे अपडेट दिवसाचा डेटा तासात खातात. अंदाज सोपा आहे: ५ एमबीपीएसचा एचडी व्हिडिओ तासाला सव्वादोन जीबी घेतो.

परदेशी जाताना ई-सिम (कार्डाऐवजी फोनमध्ये उतरवायचं सिम) सोयीचं असतं. फोन ई-सिम घेणारा आणि कुठल्याही कंपनीला न बांधलेला हवा. क्यूआर कोड घरच्या वायफायवर असतानाच स्कॅन करा, कारण ई-सिम उतरवायलाच नेट लागतं. एकदा बसवलेलं ई-सिम काढून टाकू नका. बरेच कोड एकदाच चालतात. घरच्या सिमचं डेटा रोमिंग बंद आहे ना, हे निघण्याआधी बघा.

हॉटेल किंवा स्थानकाचं वायफाय जोडलं जातं पण लॉगिनचं पान येत नाही, तेव्हा बहुधा व्हीपीएन (नेटची सगळी ये-जा गुप्त मार्गाने नेणारं ॲप) किंवा फोनमधलं ‘प्रायव्हेट डीएनएस’ आड आलेलं असतं. दोन्ही बंद करा, लॉगिन करा, मग पुन्हा चालू करा. नेटवर्कचं नेमकं नाव तिथल्या माणसाला विचारून घ्या, कारण मिळत्याजुळत्या नावाचं खोटं वायफाय कुणीही उभं करू शकतं. ब्राउझरने प्रमाणपत्राचा इशारा दिला तर पुढे जाऊ नका. विंडोजने विचारलं की ‘पब्लिक’ निवडा, म्हणजे फाइल शेअरिंग बंद राहील. निघताना ते नेटवर्क ‘विसरून जा’ करा.

घरची लाइन तुटते तेव्हा फोनचा हॉटस्पॉट आधार देतो. त्याला घरच्या वायफायचंच नाव, पासवर्ड आणि सुरक्षेचा तोच प्रकार दिला की टीव्ही, लॅपटॉप, प्रिंटर सगळे न विचारता त्यावर येतात. फक्त त्या वेळी राउटर बंद ठेवा, नाहीतर काही उपकरणं मेलेल्या लाइनलाच चिकटून बसतील. आणि लाइन परत आली की हॉटस्पॉट आठवणीने बंद करा, नाहीतर टीव्ही फोनचा डेटा ओढत राहील.